रात्रीच आणि रात्री कुठे

इंग्रजीतील ‘ओन्ली’ हे क्रियाविशेषण सुरगाणा तालुक्यात जितक्या वेळा उच्चारले जाते तितक्या वेळा ते लंडनमध्ये तरी उच्चारले जात असेल की नाही, याविषयी आम्हांला शंका आहे. ‘आय अ‍ॅम फ्रॉम बाऱ्हे ओन्ली.’ ‘सर केम टुडे ओन्ली.’ ‘धिस इज माय बुक ओन्ली.’ संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात अशी वाक्ये ऐकता ऐकता आमची कित्येक वर्षे गेली. प्रारंभी आम्ही हसत असू. पुढे मुलांच्या वह्या तपासताना हा शब्द जेथे येई तेथे थांबू लागलो, आणि एका प्रसंगानंतर त्याच्याकडे निव्वळ गंमत म्हणून पाहणे आम्हांला शक्य राहिले नाही. त्या प्रसंगाकडे आम्ही येणारच आहोत. पण आधी हा ‘ओन्ली’ या डोंगरांत कसा रुजला ते सांगितले पाहिजे.

सुरगाणा नाशिकपासून नव्वदेक किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला टेकलेला तालुका. १९४८ पर्यंत येथे देशमुखांचे छोटेसे संस्थान होते. वस्ती बहुतांशी आदिवासी. येथील मूल घरी कोकणा बोली बोलते, शाळेत गेल्यावर पुस्तकी मराठी शिकते, आणि २००० साली महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यापासून तिसरी पायरीही त्याच वर्षी चढू लागते. पुण्या-मुंबईच्या मुलाला इंग्रजी ही दुसरी भाषा; येथे ती तिसरी. शिवाय बाजारात गुजराती कानांवर पडते ती वेगळीच. आता मौज अशी, की मराठीचा ‘च’, गुजरातीचा ‘ज’ आणि हिंदीचा ‘ही’ ही तिन्ही भावंडे एकच काम करतात, आणि तिन्ही ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहतात. कन्नडचा ‘ए’ आणि तमिळचा ‘तान’ हेही त्याच रांगेतले. तेव्हा ‘ओन्ली’ला शब्दामागे उभे करण्याची सवय एकट्या सुरगाण्याची नाही, ती साऱ्या हिंदुस्थानची आहे. इंग्रज मात्र आपला ‘ओन्ली’ बहुधा शब्दापुढे ठेवतो.

शालेय व्याकरणात आपण ‘च’ला कैवल्यवाचक शब्दयोगी अव्यय म्हणतो आणि पुढे जातो. कैवल्य म्हणजे फक्त तेवढेच. ‘मला पाणीच हवे’ या वाक्यापुरते ते खरेही आहे. येथे ‘ओन्ली’ अगदी चपखल बसतो. परंतु वाचकांनी क्षणभर आपल्या स्वतःच्या बोलण्याकडे कान द्यावा. ‘हाच तो माणूस’ यात कैवल्य कोठे आहे? तेथे ओळख पटवणे आहे. ‘मी येणारच’ यात निश्चय आहे. ‘पाऊस थांबताच निघालो’ यात तत्परता आहे. ‘फारच छान’ यात निव्वळ कौतुक आहे. ‘तो आलाच नाही’ यात तर निराशा आहे, आणि आमचा विद्यार्थी जेव्हा ‘ही डिड नॉट ओन्ली कम’ असे लिहितो तेव्हा इंग्रज वाचक पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो, की हा नुसता आलाच नाही तर आणखी काय काय करून गेला! इतकी कामे करणाऱ्या एका अक्षरापुढे पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत एकच इंग्रजी शब्द छापलेला असतो, आणि मूल विश्वासाने तो उचलते. यात मुलाचा दोष नाही. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने एक गोष्ट शिकवली होती, की भाषांतर शब्दाचे नव्हे, वाक्याचे करायचे असते. ती शिस्त आता मागे पडली.

आता तो प्रसंग. २०१५ साली आमच्या वर्गातील एका मुलीने परिचारिका अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला. शिष्यवृत्ती परदेशातील एका दानशूर मंडळाची होती. अर्जासोबत स्वतःविषयी एक पान इंग्रजीत लिहायचे होते, आणि ते कोणाच्याही मदतीशिवाय लिहावे अशी अट होती. मुलीने ती अट अक्षरशः पाळली. तिने ते पान आम्हांलाही दाखवले नाही. आम्ही ते पाहिले ते नकाराच्या पत्राबरोबर परत आल्यावर, समासात पेन्सिलीने केलेल्या खुणांसह.

पानावर तीन ठिकाणी ‘ओन्ली’ होता. पहिले वाक्य असे, की मी पाच वर्षांचीच होते तेव्हा आई वारली. त्याचे इंग्रजी तिने जसे केले तसे ते बरोबरच होते. ‘फाइव्ह इयर्स ओल्ड ओन्ली’ यात शब्द मागे पडला असला तरी अर्थ जागच्या जागी होता. दुसऱ्या वाक्यात तिला सांगायचे होते, की मी तिसरीतच इंग्रजी वाचू लागले. आडगावच्या, दोन शिक्षकांच्या शाळेतील मुलीने तिसरीत इंग्रजी वाचावे ही अभिमानाचीच गोष्ट. तिने लिहिले, ‘इन थर्ड स्टँडर्ड ओन्ली’. समासात खूण होती आणि ‘उशिरा सुरुवात’ अशा अर्थाची दोन अक्षरे होती.

तिसरे वाक्य तिच्या आजीविषयी होते. एका पावसाळ्यात संध्याकाळी शेतावरून येताना आजीला साप चावला. पाड्यापासून रस्ता दूर, ओढ्याला पाणी, गाडी नाही. बरेच जण सकाळपर्यंत थांबा म्हणत होते. कोणी भगताला बोलावू म्हणत होते. ही मुलगी तेव्हा नववीत होती. तिने कोणाचे ऐकले नाही. वडील आणि दोघे चुलते यांनी म्हातारीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले, तेथून कोणाच्या तरी जीपने दवाखान्यात नेले, आणि आजी वाचली. मराठीत ती हे सांगताना म्हणायची, ‘आम्ही तिला रात्रीच नेलं.’ रात्रीच, म्हणजे सकाळची वाट न पाहता. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीने स्वतःविषयी याहून चांगले काय सांगावे? इंग्रजीत तिने लिहिले, ‘वुई टुक हर टु हॉस्पिटल अ‍ॅट नाइट ओन्ली.’

ज्या बाईंनी हे पान वाचले त्यांची मातृभाषा इंग्रजी होती. त्यांनी ते वाक्य इंग्रजीत जसे वाचायला हवे तसेच वाचले: संध्याकाळी साप चावला, आणि हे लोक रात्र होईपर्यंत थांबले. समासातील शेऱ्याचा आशय असा होता, की विलंब झाल्याचे अर्जदार स्वतःच लिहिते आणि तिला त्यात काही वावगे वाटलेले दिसत नाही.

आम्ही मंडळाला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे आले. त्यांनी स्पष्टीकरणाबद्दल आभार मानले आणि त्या वर्षीची यादी पूर्ण झाल्याचे कळवले. त्या बाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या भाषेत त्या वाक्याचा दुसरा अर्थ होत नव्हता. मुलीच्या वडिलांनी कर्ज काढून तिला नाशिकला शिकायला पाठवले. ते कर्ज फिटायला चार वर्षे लागली.

या एका अक्षराचा नीट छडा लावल्याशिवाय आम्हांला स्वस्थता लाभेना. ‘रात्रीच’ आणि ‘ओन्ली अ‍ॅट नाइट’ हे जवळचे अर्थ नाहीत. ते परस्परांच्या विरुद्ध आहेत. मराठीत काळाच्या शब्दाला ‘च’ लागला की बहुधा अपेक्षेपेक्षा लवकर असा ध्वनी निघतो: पहाटेच उठला, लहानपणीच शिकला, पेरणीआधीच पैसे दिले. इंग्रजीत काळाच्या शब्दाआधी ‘ओन्ली’ आला की अपेक्षेपेक्षा उशिरा असा ध्वनी निघतो. साधे उदाहरण कचेरीतले घ्यावे. साहेबांनी विचारले, काम झाले का? कारकून म्हणतो, ‘कालच झाले.’ साहेब खूश होतात. तेच त्याने इंग्रजीत ‘ओन्ली यस्टर्डे’ म्हणून सांगितले, तर दिरंगाईची कबुली दिल्यासारखे होते. शहरातले हुशार कारकून यावर एक तोडगा काढून बसले आहेत. ते ‘यस्टर्डे इटसेल्फ’ म्हणतात. इंग्लंडात तेही चालत नाही, पण निदान त्याने अर्थ उलटा होत नाही. सुरगाण्यापर्यंत हा ‘इटसेल्फ’ अजून फारसा पोहोचलेला नाही.

आमचे एक स्नेही काही वर्षे तैवानमध्ये इंग्रजी शिकवत होते. सुट्टीवर आले असता त्यांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, की चिनी मुलांचेही दुखणे येथेच आहे, फक्त त्यांचे औषध त्यांच्या भाषेत तयार आहे. चिनी भाषेत ‘जिऊ’ आणि ‘त्साय’ असे दोन एवढेएवढेसे शब्द आहेत. ‘तो पाच वाजता आला’ या वाक्यात वेळेनंतर ‘जिऊ’ घातला, की तो लवकर आला असे होते. त्याच जागी ‘त्साय’ घातला, की तो उशिरा आला असे होते. घड्याळात दोन्हीकडे पाचच वाजलेले असतात; बोलणाऱ्याच्या मनातील वाट पाहणे तेवढे बदलते. आता चिनी-इंग्रजी कोश उघडला, तर या दोन्ही शब्दांपुढे इतर अर्थांबरोबर ‘ओन्ली’ही सापडतो, कारण ‘जिऊ’ अन्य ठिकाणी ‘केवळ’ या अर्थानेही येतो. मूल कोशावर भिस्त ठेवते आणि फसते. म्हणून हे शिक्षक कोश मिटायला लावत आणि एकच प्रश्न विचारत: तुझ्या मनात जिऊ आहे की त्साय? त्साय असेल तरच ‘ओन्ली’ला हात लाव.

(येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा पुढे चीनमध्ये कीर्ती मिळवणारे मातेओ रिच्ची हिंदुस्थानातच होते, १५८२ साली ते मकावला गेले. एका इंग्रजाने आपला ‘ओन्ली’ बाजूला ठेवून जुन्या मराठीचा ‘चि’ आत्मसात करायचा आणि एका इटालियनाने ‘जिऊ’ आणि ‘त्साय’ यांतला फरक. या दोघांच्या कष्टांपुढे आमच्या वर्गातील मुलांचे कष्ट काही वेगळ्या जातीचे नाहीत. फक्त त्यांच्यावर कोणी चरित्र लिहीत नाही.)

तैवानची ही हकीकत आम्ही त्या मुलीला सांगितली. तेव्हा ती नाशिकला पहिल्या वर्षात होती आणि दिवाळीला घरी आली होती. चिनी भाषेत दोन शब्द आहेत, आपल्याकडे मात्र एकच ‘च’ आहे, असे आम्ही हळहळून म्हणालो. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “सर, आपल्यात पण दुसरा हाय ना. ‘आठ वाजता कुठं उठला’ म्हणतो आपण. तर मग ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘कुठं’ का?”

इतक्या वर्षांच्या अध्यापनात याहून नेमके उत्तर आम्ही ऐकलेले नाही. ‘आता कुठे पाऊस सुरू झाला.’ ‘तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.’ ‘दहा वाजता कुठे गाडी आली.’ या ‘कुठे’त स्थळ नाही, प्रश्न नाही, त्यात वाट पाहून आलेला थकवा आहे. काळाच्या बाबतीत तोच इंग्रजीचा ‘ओन्ली’. मराठीत उशिराचा शब्द ‘कुठे’ आणि लवकरचा शब्द ‘च’, अशी जोडी आपल्याजवळ होतीच. व्याकरणाच्या पुस्तकांनी ती दोन वेगळ्या कोनाड्यांत ठेवल्यामुळे ती जोडी आहे हे दिसत नव्हते, इतकेच. तिची आजी रात्रीच पोहोचली होती. इंग्रजीत ती रात्री कुठे पोहोचली.

एका क्रियाविशेषणावरून एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. ख्रिस्ती वाचकांना तरी हे सांगायला नको. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात मार्टिन ल्यूथर यांनी रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनात ‘केवळ’ या अर्थाचा ‘अलाइन’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. आक्षेप आले, तेव्हा १५३० साली त्यांनी एक खुले पत्र लिहून उत्तर दिले, की जर्मन बोलण्याची धाटणीच तशी आहे; आणि दाखल्यादाखल धान्य आणणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यातील वाक्य दिले. त्या शब्दामागे जी मतभिन्नता होती तिच्याविषयी कॅथलिक आणि लुथेरन यांनी समाईक घोषणापत्रावर सह्या केल्या त्या १९९९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस. धर्मशास्त्रात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. पण शेतकऱ्याची बोली आणि ग्रंथाची भाषा यांच्यामधल्या फटीत नेमका हाच शब्द सापडावा, याचे आम्हांला नवल वाटते.

मग सुरगाण्याच्या मुलांचा प्रत्येक ‘ओन्ली’ लाल शाईने खोडावा काय? आमचे मत तसे नाही. ‘आय अ‍ॅम फ्रॉम बाऱ्हे ओन्ली’ या वाक्याने कोणाचे काही बिघडत नाही; ऐकणाऱ्याला कळते, बोलणाऱ्याला आपले गाव सांगितल्याचे समाधान मिळते. क्लाउडिया लांगे यांच्यासारख्या जर्मन भाषाभ्यासकांनी भारतीय इंग्रजीतील ‘ओन्ली’ आणि ‘इटसेल्फ’ यांचा गंभीरपणे अभ्यास केला आहे आणि त्यांना चुकांच्या यादीत न टाकता जोर देण्याच्या आपल्या पद्धती मानले आहे. इंग्रजांचे स्वतःचेही या शब्दाच्या जागेबाबत एकमत नाही. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात, ‘ओन्ली’ची जागा इंचपट्टीने मोजणाऱ्या पंडितांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. तेव्हा शब्द पुढे की मागे या वादात मुलांना फार अडकवू नये. परीक्षेपुरते पुढे लिहायला शिकवावे आणि बोलताना सोडून द्यावे.

सोडून चालणार नाही ते काळाच्या बाबतीत. तेथे दवाखान्याचा कागद असतो, पोलिसांकडचा जबाब असतो, विम्याचा अर्ज असतो, आणि वाचणारा समोर नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये याच तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी, रस्ते आणि दवाखाने मिळत नसतील तर आम्हांला गुजरातेत घाला, अशी मागणी तहसीलदारांकडे केली होती, हे वाचकांना आठवत असेल. जेथे दवाखाना गाठायलाच रात्र होते, तेथील माणसाने किती वाजता काय केले हे सांगणारे वाक्य उलटे वाचले जाऊ नये, एवढी तरी काळजी इंग्रजी शिकवणाऱ्याने घ्यावी.

म्हणून आता आमच्या वर्गात काळाच्या शब्दाशी ‘ओन्ली’ दिसला, की मुलेच एकमेकांना विचारतात, “च का कुठं?” ‘च’ असेल तर शब्द बदलायचा. ‘रात्रीच’ला ‘दॅट व्हेरी नाइट’ म्हणायचे, ‘तिसरीतच’ला ‘अ‍ॅज अर्ली अ‍ॅज’ म्हणायचे, ‘कालच झाले’ला ‘ऑलरेडी’ म्हणून मग काल सांगायचा. ‘कुठे’ असेल तर ‘ओन्ली’ ठेवायचा. रुपये, वय, माणसे मोजताना मात्र हा प्रश्न विचारायचा नाही, कारण ‘दहाच रुपये’ आणि ‘ओन्ली टेन रुपीज’ यांत भांडण नाही. मुलांना नियम आवडतो. विशेषतः तो आपल्या गावच्या मुलीने शोधला असल्यामुळे.

गेल्या जूनमध्ये एका मुलाने त्या नियमालाही खोच काढली. फळ्यावर त्याने लिहिले, ‘पाऊस पडल्यावरच आम्ही नागली पेरतो,’ आणि खाली, ‘पाऊस पडल्यावर कुठे आम्ही नागली पेरली.’ पहिल्यात अट आहे, दुसऱ्यात उशीर. पण इंग्रजीत दोन्हीकडे ‘ओन्ली आफ्टर द रेन’च येते, पहिल्याला तर तोच शब्द हवा. “मग इथं ‘च’ला पण चालतंय की, सर,” तो म्हणाला. मुले दोन तट करून भांडू लागली. काहींचे म्हणणे, अटीचा ‘च’ वेगळा मोजावा. काहींचे म्हणणे, क्रियापदाचा काळ पाहिला की उलगडते. एवढ्यात पत्र्यावर खरोखरीच पाऊस वाजू लागला आणि कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येईना. दोन्ही वाक्ये आम्ही फळ्यावर तशीच ठेवली आहेत.